ट्वायलाचा मुख्य विषय

ट्वायला स्ट्राउडला नर्स व्हायचं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण तिनं ते कधी लपवलंच नाही. ओहायोच्या दक्षिणेला, नदीच्या वळणावर वसलेल्या त्या गावात कायमची नोकरी दोनच ठिकाणी मिळायची: तुरुंगात, नाहीतर म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात. गावातले लोक त्याला नुसतं 'होम' म्हणत. ट्वायला विशीच्या आतच होममध्ये लागली ती मदतनीस म्हणून. मदतनिसांनी मरून रंगाचे कपडे घालायचे आणि नर्सांनी गडद निळे. मदतनिसांनी म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं. नर्सांनी औषधं द्यायची, जखमा बघायच्या आणि मधूनमधून मदतनिसांवर खेकसायचं. ट्वायलाला यातलं खेकसणंसुद्धा हवं होतं. माणसाला एकदा एखाद्या रंगाचं वेड लागलं की त्याच्याबरोबर येणारं सगळंच गोड वाटायला लागतं.

लेक ब्रिन दोन वर्षांची असताना नवरा टेनेसीत कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. ट्वायला रडली, पण थोडकीच. त्याच हिवाळ्यात तिनं शेजारच्या गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. दिवसा होम, संध्याकाळी वर्ग, आणि पोर शेजारणीकडे. एका सत्रात एकच विषय झेपायचा. कधी तोही नाही.

आता इथे तिनं जे केलं, ते त्या गावातल्या कुणीही केलं असतं. तिचा बाप रॉय लोकांच्या घरांवर छपरं घालायचा. छपराची अवघड, उभ्या उताराची बाजू सकाळी, अंगात जोर असताना उरकायची आणि सपाट बाजू उन्हात सावकाश करायची, ही त्याची पद्धत होती. तिथे सगळेच तसे. बागेतलं गवत कापायला घेतलं तरी आधी खड्ड्याकडचा भाग आणि मग दारापुढचा. ट्वायलानंही तेच केलं. शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र, रसायन, सगळं डोकं फिरवणारं आधी घेतलं. म्हाताऱ्यांना भरवताना ती एका हातानं चमचा धरायची आणि मनातल्या मनात मनगटाची हाडं मोजायची. चारही विषयांत तिला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. मग बापाला पक्षाघात झाला, दोन वर्षं तो अंथरुणात होता, आणि तिचं कॉलेज थांबलं. तो गेल्यावर तिनं उरलेली सपाट बाजू करायला घेतली: इतिहास, भाषण, नाटकाची ओळख, समूहगान, मातीची भांडी, आणि चक्क बोलिंग. हे सगळं ती सावकाश, जवळजवळ मजेत करत राहिली. अवघड ते मागे पडलं होतं ना! त्या कॉलेजात सल्लागार दरवर्षी बदलायचे, आणि प्रत्येक नवा माणूस तिचे गुण बघून म्हणायचा, "फार छान चाललंय तुमचं." त्यापलीकडे कुणी बघितलं नाही.

ती चाळिशीला टेकली त्या वसंतात सरकारी विद्यापीठाचं पत्र आलं. दुसऱ्या कॉलेजातले विषय जमेस धरून घेतात तशी 'बदली विद्यार्थिनी' म्हणून तिला प्रवेश मिळाला होता. त्याच आठवड्यात ब्रिनलाही मिळाला, शाळेतून थेट आणि थेट नर्सिंगला. ब्रिनचा अर्ज भरताना ट्वायला शेजारी बसली होती आणि 'मुख्य विषय' या चौकटीवर तिनंच बोट ठेवलं होतं. ब्रिन म्हणाली होती, "मला अजून काही ठरवायचं नाहीये, मॉम." ट्वायला म्हणाली, "मग मी ठरवते. बघ, किती सोपं आहे."

होममध्ये कुणाचंही काही झालं की चौकोनी केक येतो. लग्न, बाळ, गुडघ्याचं ऑपरेशन, कशालाही. त्या दिवशी केकवर निळ्या साखरेनं लिहिलं होतं, 'आमच्या दोन नर्सा'. केक कापला तो हेडनर्स गेलीन व्हॉसनं. या बाईच्या जिभेला हाड नव्हतं.

"आई आणि लेक एकाच वर्गात," ती सुरी चाटत म्हणाली. "डबा कोण कुणाला भरून देणार?"

सगळे हसले. ट्वायलाही हसली.

"हसू नकोस, ट्वायला. निळे कपडे पोटावर घट्ट होतात. आत्ताच सांगून ठेवते, तो कोपऱ्याचा तुकडा खाऊ नकोस."

ट्वायलानं कोपऱ्याचा तुकडा घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघत खाल्ला. इतकी वर्षं या बाईचं ऐकून घेतलं, आता थोडेच दिवस, असं तिला वाटत होतं. बिचारी.

नव्या मुलांचं स्वागत विद्यापीठ दोन दिवस करतं. फुगे असतात, गाणी असतात, रात्री पटांगणावर सिनेमा असतो. ब्रिन तिकडे जाऊन आली आणि तीन नव्या मैत्रिणी करून आली. बदली विद्यार्थ्यांचं स्वागत अर्ध्या दिवसाचं. एक सभागृह, थंड सँडविच, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मांडलेली टेबलं. सैन्यातून परतलेली पोरं, कडेवर मूल घेऊन आलेल्या बाया, टक्कल पडलेला एक ट्रकवाला, सगळे आपापला मुख्य विषय जाहीर करायला रांगेत उभे होते. ज्यांची दोन वर्षांच्या विषयांची क्रेडिटं जमा झाली आहेत त्यांना 'अजून ठरलं नाही' म्हणायची मुभा नाही. अठरा वर्षांच्या पोरांना आहे. कारण पोरांना आयुष्य पडलंय, असं बहुधा कुणीतरी ठरवलं असावं. दाराशी पितळेची घंटा टांगली होती. विषय जाहीर झाला की ती वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या.

ट्वायलाचा सल्लागार टॅनर नावाचा पोरगा होता, चोवीसेक वर्षांचा, दाढी नुकतीच जमलेली. तो मनानं वाईट नव्हता, हे सांगायला हवं. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

"नर्सिंग," ट्वायला खुर्चीत बसायच्या आतच म्हणाली.

"अरे वा!" टॅनर म्हणाला. त्यानं पडद्यावर काहीतरी वरखाली केलं. मग पुन्हा केलं. "ट्वायला, तुमची शरीररचना जरा जुनी आहे."

"माझीच नाही, सगळ्यांचीच जुनी असते, पोरा. गुडघे बघ माझे."

तो मनापासून हसला, आणि मग थांबला. "म्हणजे विषय जुना आहे. नर्सिंगला विज्ञानाचे विषय सात वर्षांच्या आतले लागतात. तुमचे चारही त्याच्या आधीचे आहेत. त्यांची मुदत संपली."

"मुदत? दूध आहे का ते?"

"नियम आहे."

"सात वर्षांत काय बदललं? एखादं हाड वाढलं का माणसाला?"

"नाही, पण..." टॅनर लाल झाला. "परत घेता येतील तुम्हाला."

"मग घेते. चारही घेते. या सत्रात दोन, पुढच्या सत्रात दोन."

तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि आकडे मोजू लागला. तिची क्रेडिटं जास्त झाली होती. इतके विषय आधीच झालेल्या माणसाला फीसाठीची सरकारी मदत थोड्याच सत्रांपुरती उरते, आणि मदतीशिवाय तिला एक सत्रही परवडणार नव्हतं. चार विज्ञानं आणि वर नर्सिंगची वर्षं त्या उरलेल्या मदतीत बसत नव्हती. तिनं कमी अभ्यास केला असता तर बसली असती.

"म्हणजे मी बोलिंग शिकले म्हणून?" ट्वायलानं विचारलं.

"बोलिंग, भांडी, समूहगान... सगळंच मोजतात."

"मला तिकडे म्हणाले, फार छान चाललंय."

"छानच आहेत गुण," टॅनर म्हणाला आणि त्याला स्वतःलाच कसंसं झालं. मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "पण हे बघा ना! तुमचे विषय कशात सगळ्यांत चांगले बसतात ते हे यंत्र सांगतं. करमणूक व्यवस्थापन! नाटक, गाणं, मातीकाम, बोलिंग, सगळंच्या सगळं धरलं जातं. दोन वर्षांत पदवी हातात. आणि होममध्येच काम मिळेल तुम्हाला. म्हाताऱ्यांचे खेळ, बिंगो, वाढदिवस..."

होममध्ये बिंगोचे आकडे पुकारणारी बाई नारिंगी रंग घालायची, आणि तिला नर्सा सोडाच, मदतनीसही हसायच्या.

"आणि आज काहीच जाहीर केलं नाही तर?"

"तर नावनोंदणी अडकते. मग या सत्राची मदतही जाते." तो हळू आवाजात म्हणाला, "मागे रांग आहे, ट्वायला."

मागे ट्रकवाला उभा होता. तो म्हणाला, "काहीतरी घेऊन टाका हो बाई, नाहीतर रांगेतच म्हातारे होऊ आम्ही."

तिनं ते घेतलं. बाहेर पडताना दाराशी उभ्या पोरीनं तिचा हात धरून घंटेच्या दोरीवर ठेवला. ट्वायलानं घंटा वाजवली. सभागृहभर टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टीही मारली. गाडीत बसल्यावर ती रडली नाही, तिनं दात इतके आवळले की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता.

असल्या गोष्टी गावात लपत नाहीत. सप्टेंबर संपायच्या आत गेलीनला कळलं. जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तिनं टेबलावर थाप मारली आणि ओरडली, "बिंगो!" खोली हसण्यानं दणाणली. त्या दिवसापासून ट्वायलाला त्याच नावानं हाक पडू लागली. बिंगो, आठ नंबरला पाणी दे. बिंगो, तुझ्या म्हाताऱ्यानं पुन्हा चादर भिजवली. ट्वायला हाकेला ओ द्यायची. काय करणार? पण तिनं मनात एक गाठ मारली. नर्स या घरात होणारच. ती नाही तर ब्रिन. आणि ही गाठ मारल्यावर तिला जरा गार वाटलं. त्या गार वाटण्यात पोरीचं काय होईल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

ऑक्टोबरच्या एका रविवारी ब्रिन घरी आली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाली, "मॉम, मी नर्सिंग सोडतेय."

ट्वायला बटाटे कुस्करत होती. ती कुस्करतच राहिली. "का?"

"मला नाही जमत. परवा नुसता पुतळ्याच्या हाताला सुई लावायची होती तरी मला घेरी आली. मला नकोच आहे ते. आत्ता 'अजून ठरलं नाही' करून टाकते. वेळ आहे मला."

"तुझी जागा कुणाला जाईल?"

"कुणाला म्हणजे? यादीतल्या पुढच्या कुणाला तरी. मला काय माहीत?"

सोमवारी ट्वायलानं सुट्टी काढली आणि सकाळी उठून टॅनरकडे गेली. मुलगी सोडतेय ती जागा आईला मिळेल का, असं तिनं विचारलं. विचारताना तिला स्वतःलाच कळत होतं की हे वेडेपण आहे, पण तोंडातून शब्द निघून गेले. टॅनर मान हलवत राहिला, अगदी मायेनं. जागा घराण्यात उतरत नाही, म्हणाला. परतताना ती मुलींच्या वसतिगृहापाशी थांबली आणि तिनं ब्रिनला गाडीत बोलावून घेतलं.

"तू सोडणार नाहीस," ती म्हणाली.

"मॉम, मी अठरा वर्षांची आहे."

"हो ना? मग या गाडीची तुझ्याकडची किल्ली टाक. फोन माझ्या नावावर आहे, तोही टाक. सुट्टीत कुठे राहायचं ते बघ. तुझ्या बापाकडे जा, टेनेसीत. बघू घेतो का आत."

"तू असं कसं बोलतेस?"

"तुला फुकट मिळालंय म्हणून तुला त्याची किंमत नाही. मी इतकी वर्षं लोकांची ढुंगणं धुतली, ब्रिन. तुला घेरी येते? ये ना. पडून ऊठ. तुला जन्म देऊन माझं जे गेलं, ते तू मला परत द्यायचंस."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. ते खरंही नव्हतं. ब्रिननं डोळे पुसले, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे." त्यानंतर ती पोरगी आईशी कधी भांडली नाही. सणाला यायची, टर्की खायची, भांडी घासायची, जायची. ट्वायला शेजारणीला सांगायची, पोर शहाणी झाली.

आणि पोर खरंच शिकली. पहिली सहामाही ती दर आठवड्याला ओकायची, मग ओकणं थांबलं. तिचे गुण वाढत गेले. चेहऱ्यावरचं हसू तेवढं गेलं. दुसऱ्या वर्षी वसंतात तिची तुकडी प्रत्यक्ष कामासाठी बाहेर पडली, आणि ती नेमकी याच होममध्ये आली. आठ पोरी, आठही निळ्या. ट्वायलानं आपल्या मरून रंगाच्या कपड्यांना त्या सकाळी इस्त्री केली. गेलीन दारातच म्हणाली, "बिंगो, तुझी मालकीण आली बघ." ट्वायलाला त्याचंही काही वाटलं नाही. ब्रिनच्या खांद्यावर तो रंग इतका नीट बसला होता की तिची नजर हटत नव्हती. ब्रिननं तिला बघितलं आणि बाकीच्या मदतनिसांना केली तशीच मान हलवली.

दहाच्या सुमाराला ब्रिनला डेल्बर्ट क्रांट्झची पट्टी बदलायला पाठवलं. हा म्हातारा ट्वायलाचा लाडका. त्याच्या नडगीवर न भरणारी जखम होती आणि कातडी कागदासारखी झाली होती. शिकवणाऱ्या बाई पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पोरीपाशी अडकल्या होत्या. तयारी करून ठेव, मी येते, असं त्या ब्रिनला सांगून गेल्या. पाय धरायला म्हणून ट्वायला आत आली. तिला तसं कुणी बोलावलं नव्हतं.

ब्रिन हातमोजे घालून उभी होती. तिचे हात थरथरत होते, थोडेसेच.

"घाबरलीस?" ट्वायलानं विचारलं.

"नाही. बाई येईपर्यंत थांबायचंय."

"बाईला यायला जेवणाची वेळ होईल. सरक. मी करते."

"मॉम."

"सरक म्हणते ना. हजारदा बघितलंय मी हे."

ब्रिननं तिच्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं. एक शब्दही बोलली नाही.

ट्वायलानं हातमोजे चढवले. तो क्षण तिच्या आयुष्यातला सुखाचा होता, हे लिहिताना मला तिची कीव येते आणि रागही येतो. तिनं पट्टीवर मिठाचं पाणी ओतलं. ओतल्यावर थांबायचं असतं, पट्टी आपोआप सुटेपर्यंत. हे बघून कळत नाही. बघणाऱ्याला तेवढा वेळ मोकळा वाटतो आणि त्याची नजर खिडकीबाहेर जाते. ट्वायला थांबली नाही. तिनं टोक धरलं आणि ओढलं.

डेल्बर्ट इतक्या जोरात ओरडला की अंगणातले लोक वळले. पट्टीबरोबर कातडीचं एक लांब सालपट सोलून निघालं होतं. रक्त चादरीवर, मग जमिनीवर. "काय केलंस? ट्वायला, काय केलंस गं?" म्हातारा लहान पोरासारखा रडत होता. ट्वायला ती पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. ब्रिननंच पुढे होऊन स्वच्छ कापड दाबून धरलं, पाय उंच केला, घंटा दाबली. तिचे हात आता अजिबात थरथरत नव्हते.

शिकवणाऱ्या बाई धावत आल्या, मागून गेलीन. रक्त थांबवण्यात थोडा वेळ गेला. मग गेलीननं दोघींना बाहेर कॉरिडॉरमध्ये घेतलं.

"पट्टी कुणी काढली?"

शिकाऊ पोरीच्या हातून चूक झाली तर तिला बोलणी बसतात, फार तर तो दिवस पुन्हा भरावा लागतो. मदतनिसानं जखमेला हात लावला तर नोकरी जाते. दोघींनाही हे माहीत होतं. ट्वायलानं लेकीकडे बघितलं. तिला खात्री होती. कितीही झालं तरी पोटची पोर.

ब्रिननं गेलीनकडे बघत शांतपणे सांगितलं. "मदतनिसानं. दहा वाजून गेल्यावर. मी तिला थांब म्हणाले होते, तिनं ऐकलं नाही. पाणी मुरू दिलं नाही. जखम साधारण बोटभर वाढली आहे, खालच्या अंगाला."

"तू थांब म्हणालीस?" ट्वायलाच्या तोंडून निघून गेलं.

"हो," ब्रिन म्हणाली. "म्हणाले होते."

गेलीन व्हॉस इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ट्वायलाशी हळू बोलली. "ट्वायला, तुझं कपाट रिकामं कर. मी पुढच्या दारापर्यंत येते तुझ्याबरोबर." मग तिनं ब्रिनच्या पाठीवर हात ठेवला. "आणि तू, पोरी, शाबास. नर्सनं असंच बोलायचं असतं. उगाच एक शब्द कमी नाही की जास्त नाही."

ते ऐकून ट्वायलाची छाती क्षणभर अभिमानानं भरून आली. नोकरी गेली त्याचं दुःख पुढे ओसरलं, लेकीवरचा रागही कधीतरी ओसरला. त्या एका क्षणाच्या अभिमानाची शरम मात्र तिला आजही वाटते.